फोटो नको, उभं राहायची जागा उचल

पोरी, फोटोंची पुस्तकं नुसती चाळू नकोस. एकच फोटो उघड आणि अर्धा तास त्याच्यापुढं बस. त्यात काय आहे ते लगेच दिसतं, विचारायचं ते वेगळं. काढणारा कुठं उभा होता? ऊन कोणत्या अंगानं येत होतं? गुडघा टेकला होता की माडीवरून बघत होता? माणूस फ्रेममध्ये येईपर्यंत किती ताटकळला असेल? थोरांकडून घ्यायचं ते हे. त्यांचा फोटो जसाच्या तसा आपल्या गावात काढायला गेलीस तर नक्कल होईल. त्यांची उभं राहायची जागा कळली, तर आपल्या हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या गर्दीतही तुझी जागा तुला सापडेल.

आँरी कार्तिए-ब्रेसाँचा 1932 सालचा इएर गावचा फोटो घे. वरून दिसणारा वळलेला जिना, लोखंडी कठडा, आणि खाली रस्त्यावरून सुसाट निघालेला सायकलवाला. जिन्याचं आणि रस्त्याचं वळण त्यांनी आधी हेरलं असणार, सायकलवाला मागून आला. तू दुर्गदबैलला सकाळी ऊन तिरपं असताना जा. इमारतीच्या सावलीची कड जिथं रस्त्यावर पडते, तिथं एखाद्या दुकानाच्या पायरीशी उभी राहा, त्या कडेवर कॅमेरा रोख आणि माणसं येऊ देत. सुरुवातीला सगळे तुझ्याकडं बघतील. मग तुला विसरतील. कामाचे फोटो त्यानंतरचे.

उजेडाचं गणित तोंडपाठ कर. आयएसओ 400 असेल तर लख्ख उन्हात एफ 16 ला 1/500, मोकळ्या सावलीत एफ 8 ला 1/125. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 35 मिमीची लेन्स असेल तर एफ 11 लाव, फोकस तीन मीटरवर ठेवून दे. साधारण पावणेदोन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं आणि डोळा माणसांकडं बघायला मोकळा राहतो. मोबाईल असेल तर फ्रेममधल्या सगळ्यात उजळ भागावर बोट टेकवून उजेड लॉक कर. सावली काळी पडली तर चालतं. पण बाजाराला आलेल्या शेतकऱ्याची पांढरी टोपी फोटोत एकदा पांढरीफट होऊन जळाली की तिच्या घड्या परत मिळत नाहीत.

ब्लॅक अँड व्हाइट काढायचं तर तसं बघायला डोळ्याला वळण लावावं लागतं. ब्याडगी मिरचीचा ढीग आणि त्याच्या बाजूला कोथिंबिरीच्या जुड्या बघ. डोळ्याला लाल आणि हिरवं किती वेगळं वाटतं! करड्या रंगात दोन्ही जवळजवळ सारखेच उतरतात. उरतात त्या ब्याडगीच्या सालीवरच्या सुरकुत्या, तागडीचा झिजलेला काठ, मिरची वरखाली करणाऱ्या बाईचा हात आणि मनगटावरच्या बांगड्या. ऊन बाजूनं आलं तर सुरकुतीन् सुरकुती उठून दिसते; तुझ्या पाठीमागून थेट ढिगावर पडलं तर नुसता काळपट ढीग. म्हणजे दोन पावलं डावीकडं सरकायचं की उजवीकडं, एवढ्यावर फोटो ठरतो. कॅमेऱ्याचा पडदाच कृष्णधवल करून ठेव, महिनाभरात सवय होईल.

रघुबीर सिंह मात्र रंगीतच काढत राहिले. भारत रंगांतच बघायला हवा असं ते ठामपणे मांडत. त्यांचंही ऐक. रंगपंचमीला हुबळीतला माणूस न् माणूस रंगलेला असतो, तो दिवस रंगीतच काढ. जिथं रंग हाच विषय आहे तिथून तो काढून घेतला तर हाती काही राहत नाही.

रघु राय यांचा 1995 चा चर्चगेट स्टेशनचा फोटो तुला माहीत आहे. गर्दी पुसट होऊन वाहते आहे आणि त्यातच वर्तमानपत्र वाचणारा स्थिर. शटर हळू ठेवल्याशिवाय हे होत नाही, आणि कॅमेरा हलला तर तो वाचणाराही पुसला जाईल. आपल्या हुबळी स्टेशनचा प्लॅटफॉर्म 1507 मीटर लांब आहे. संध्याकाळी गाडी लागली की कॅमेरा खांबाला घट्ट टेकव, शटर अर्ध्या सेकंदावर आण, आणि गर्दीत न हलणारं माणूस शोध. ट्रायपॉड मांडू नकोस, स्टेशनात त्याला परवानगी लागते.

मुलांचे फोटो काढायचे तर म्हैसूरच्या टी. एस. सत्यन यांच्याकडं जा. 1979 च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात त्यांनी काढलेल्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरलं होतं. मुलांपुढं खाली बस. वरून काढलेल्या फोटोत मूल हटकून बिचारं दिसतं.

आणि मुलीनं रस्त्यावर कॅमेरा घेऊन कशाला हिंडायचं, असं कुणी म्हटलं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांग. साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत फिरल्या आणि देशाचा इतिहास टिपला.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते अकोल्याचे सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांचं जिणं त्यांनी कृष्णधवलमध्ये वर्षानुवर्षं टिपलं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत घाण आहे, थकवा आहे, पण कुठंही चोरून काढल्यासारखं वाटत नाही. जवळ जाऊन, ओळख करून, पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय असं काम होत नाही. धारवाडात पहाटे लाईन बाजारला झाडलोट चालते तेव्हा जा. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे. झाडणाऱ्या बायकांशी कानडीत बोल, अक्का म्हण, वाक्याच्या शेवटी आदराचं ‘री’ विसरू नकोस. फोटो काढू का, असं विचार. नको म्हणाल्या तर तो विषय तिथंच संपला. हो म्हणाल्या तर प्रिंट काढून त्यांच्या हातात नेऊन दे. मोबाईलवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट घरात लागते.

आमच्या वेळी एका रोलमध्ये 36 फोटो असायचे, प्रत्येकाला पैसे पडायचे. तूही एका फेरीला 36 वर थांबत जा. त्यातले निवडून महिन्याला दहा प्रिंट काढ, पाठीमागं पेन्सिलीनं ठिकाण आणि तारीख लिही. हुबळी-धारवाड रस्ता चिगरी बससाठी रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. धारवाडच्या सुभाष रोडवरच्या, लाईन बाजारातल्या जुन्या दुकानांच्या लाकडी फळ्या अजून दिसतात, त्याही एक दिवस जातील. त्या आधी काढ, बाकीचं मागून.