ऑक्सहार्ट टोमॅटो घरी पिकवायचा तर खर्च किती?

गच्चीवर ऑक्सहार्ट टोमॅटोची चार रोपे लावायची तर पहिल्या हंगामात साधारण २,२०० रुपये लागतात आणि सगळे नीट जमले तर आठ ते दहा किलो फळ हाती येते. किलोला २२० ते २७५ रुपये पडले. म्हणजे पैशाच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचा आहे. तरीही तो एकदा करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण हे फळ मंडईत मिळत नाही. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून क्रेटमध्ये भरून मुंबई-दिल्लीला जाणारा टोमॅटो कडक सालीचा आणि टिकाऊच असावा लागतो. ऑक्सहार्टची साल पातळ, अंग मऊ. पिकल्यावर ते दोन-तीन दिवसांत खावे लागते. ते घरीच पिकवायचे फळ आहे.

इटली, रशिया आणि पूर्व युरोपातल्या परसबागांनी हा सरळ वाण जपला. फळ हृदयाच्या आकाराचे, टोकाकडे निमुळते, पाव ते अर्धा किलो वजनाचे. आत गर भरपूर, बिया आणि पाणी कमी. युरोपातल्या दुकानांत याच नावाने खोल खाचांचे, पुरचुंडीसारखे टोमॅटोही विकतात; ते वेगळे. खऱ्या ऑक्सहार्टच्या झाडाची पाने बारीक आणि लोंबती असतात, इतकी की नवख्याला रोप पाण्यावाचून सुकले असे वाटते आणि तो उगाच पाणी घालत सुटतो.

बियाण्याचे पाकीट टपालखर्चासह २०० रुपयांपर्यंत पडते आणि त्यात बहुधा २०-३० बिया असतात. खरेदी करताना चित्रावर जाऊ नका. पाकिटावर लॉट क्रमांक, तपासणीची तारीख आणि उगवणक्षमता छापलेली आहे का ते पाहा. टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी असे आपल्याकडचे प्रमाण आहे. अमेरिकेतल्या भावाला ‘येताना चार पाकिटे आण’ असे सांगण्याचा मोह होतो, पण पेरणीचे बी परदेशातून आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर पाकिटे विमानतळावरच जप्त होऊ शकतात. इथल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

खरा खर्च मातीचा आहे, आणि नेमकी तिथेच लोक काटकसर करतात. हे झाड सहा फुटांच्या वर जाते. दहा इंची कुंडीत ते जगेल, पण फळ लिंबाएवढेच देईल. पंधरा बाय पंधरा इंचांची, सुमारे ४० लिटरची ग्रो बॅग ही किमान गरज. चार बॅगांचे ३२० रुपये. त्या भरायला लाल मातीची पोती ३०० रुपयांची, पाच किलो कोकोपीटची वीट २५० ची, तीस किलो गांडूळखत ४५० चे आणि निंबोळी पेंड १२० ची. बांबू आणि सुतळी २४०, कडुनिंबाचे तेल आणि पिवळे चिकट सापळे मिळून २५०, रोपांचा ट्रे ५०. हे शहरातल्या रोपवाटिकांचे साधारण भाव आहेत. गावाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे कमीजास्त होतील. तयार मिश्रणाची पोती घेतली तर मातीचा खर्च सहज दीडपट होतो, म्हणून मिश्रण घरीच करा.

वेळ चुकली तर सगळा पैसा वाया. रात्रीचे तापमान २४ अंशांच्या वर किंवा दिवसाचे ३५ च्या वर राहिले की फुले गळतात, आणि मोठ्या फळांच्या वाणांत हे जास्त जाणवते. त्यामुळे पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी पेरावे, चार-पाच आठवड्यांचे रोप ऑक्टोबरमध्ये बॅगेत लावावे. लावणीनंतर पहिले फळ पिकायला ८० ते ९५ दिवस लागतात, म्हणजे जानेवारी उजाडतो. मुंबई आणि कोकणात थंडीचे दिवस मोजकेच, तिथे पीक निम्म्यावर येईल असे धरूनच खर्च करा.

या वाणाला रोगप्रतिकाराची ताकद नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का रक्षक’सारख्या संकरित वाणात लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार आहे, ऑक्सहार्टमध्ये तसे काही नाही. पांढरी माशी विषाणू आणते, म्हणून सापळे पहिल्याच दिवशी लावा. पाणी पानांवर नको, बुडाशी द्या, आणि रोज सारखे द्या. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असे झाले की मुळांकडून कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि टोक काळे पडून कुजते. यावर महागडी फवारणी विकणारे भेटतील. आधी पाणी नियमित करा. बगलेतले फुटवे काढा, पण पाने फार खुडू नका, नाहीतर उन्हाने फळ भाजते.

फळ पुरते रंगावर आले की देठासकट कापा आणि ओट्यावर ठेवा, फ्रिजमध्ये नको. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की थंडीत ठेवलेल्या टोमॅटोत वास तयार करणारी जनुके मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही चव पूर्ण परतत नाही. पहिले फळ जाड चकत्या करून फक्त मीठ लावून खा. चव गोडसर, आंबटपणा कमी, गर भरीव. कोशिंबिरीला याच्यासारखा टोमॅटो नाही: दाण्याचे कूट घालून तासभर ठेवली तरी पाणी फारसे सुटत नाही. सँडविचमध्येही ब्रेड ओला होत नाही. साराला मात्र हा वापरू नका. साराला आंबट, रसाळ गावठी टोमॅटोच हवा.

सर्वांत चांगल्या झाडाचे एक फळ बियांसाठी ठेवा. बिया रसासकट दोन-तीन दिवस आंबू द्या, धुवा, सावलीत वाळवा; कोरड्या जागी चार वर्षे टिकतात. सरळ वाण असल्याने पुढची रोपे बहुधा तशीच निघतात. दुसऱ्या वर्षी बी, बॅगा, बांबू घरचेच, त्यामुळे खत, पेंड आणि फवारणी मिळून ५५०-६०० रुपयांत भागते आणि किलोचा हिशेब ५५ ते ७५ रुपयांवर येतो. मात्र जुन्या मातीत लगेच पुन्हा टोमॅटो लावू नका. मध्ये एक हंगाम घेवडा किंवा मेथी घ्या.

गच्चीवर सहा तास थेट ऊन असेल तर ऑगस्टअखेर बी मागवा. ऊन त्याहून कमी असेल तर हा खर्च करू नका. त्याच जागेत चेरी टोमॅटो अधिक समाधान देईल.