शनिवार तेली : कोकणातील बेने इस्रायलांचा घरगुती धर्म

अलिबागच्या उत्तरेस थळ, नवगाव, किहीम आणि दक्षिणेस नागाव, चौल, रेवदंडा ही नारळी-पोफळीच्या बागांत दडलेली गावे आहेत. कुलाबा, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील या गावांमध्ये एके काळी तेल्यांचे दोन वर्ग ओळखले जात. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा एका जातीतील चालीरीतीचा साधा फरक होता. सोमवार हा शंकराचा वार असल्याने पहिल्या वर्गाविषयी कोणाला प्रश्न पडत नसे. दुसऱ्या वर्गाचा शनिवार मात्र जेरुसलेमच्या परंपरेतून आला होता. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, अर्थात महाराष्ट्रातील मराठी भाषिक ज्यू होत.

त्यांच्या आगमनाची कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नवगावजवळ एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावर लागली, ती नवगावला पुरण्यात आली. त्या जागी आज स्मारक उभे आहे. ही घटना केव्हा घडली याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. समाजाच्या परंपरेप्रमाणे ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. वाचलेल्यांबरोबर धर्मग्रंथ उरला नाही आणि धर्मगुरूही उरला नाही, असे ही कथा सांगते. इतिहास म्हणून तिची कसोटी कशीही लागो, बेने इस्रायलांच्या धर्मजीवनाचे स्वरूप तिच्यात अचूक उतरले आहे. ग्रंथ नाही, पुरोहित नाही, मंदिर नाही, अशा स्थितीत एखादा धर्म शतकानुशतके टिकायचा तर तो कोठे टिकणार? तो घरात टिकला. स्वयंपाकाच्या चुलीशी, आठवड्याच्या वारांत, बाळाच्या बारशाच्या वेळी आणि प्रेत उचलताना टिकला.

हिब्रू भाषा विस्मरणात गेली तरी एक प्रार्थना तोंडी राहिली. तिला 'शेमा' म्हणतात. ईश्वर एकच आहे, ही इस्रायलच्या लोकांना उद्देशून केलेली घोषणा हे तिचे सार. जन्म, विवाह, मृत्यू, कोणताही प्रसंग असो, इतर मंत्र ठाऊक नसल्यामुळे हेच शब्द उच्चारले जात. मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता होई. शुक्रवारी सूर्यास्त झाला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होई आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत तो पाळला जाई. या काळात चूल पेटवायची नाही, घाणा फिरवायचा नाही. दुसऱ्या दिवसाचे अन्न शुक्रवारीच शिजवून ठेवायचे. बैलालाही त्या दिवशी विश्रांती असे, कारण शब्बाथाची आज्ञा घरातील जनावरांनाही लागू आहे.

माशांची परीक्षा

बेने इस्रायल हे ज्यू आहेत याचा शोध कसा लागला, याची आख्यायिका स्वयंपाकघरातीलच आहे. दावीद रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. समाजाच्या परंपरेत त्याचा काळ फार जुना मानतात. काही अभ्यासकांच्या मते तो १८ व्या शतकातील कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्यातील पुरुष होता. शनिवार तेल्यांच्या चालीरीती पाहून त्याला संशय आला. त्याने तेथील स्त्रियांना निरनिराळ्या प्रकारचे मासे रांधण्यास दिले. स्त्रियांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोरा या ज्यू धर्मग्रंथात मासळीविषयी नेमका हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघा जणांना निवडून धर्मविधी शिकविले आणि त्यांना काजी ही पदवी मिळाली.

या परीक्षेत पुरुषांना काही विचारले गेले नाही, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ग्रंथ हरवला होता; त्यातील नियम मात्र मासळी निवडणाऱ्या बायकांच्या बोटांत राहिला होता. कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि मुशी ही गरिबाघरची रोजची कालवणे. ती ताटात येऊ द्यायची नाहीत, रावस किंवा पापलेट मिळेल तेव्हाच घ्यायचे, हा काही सोयीचा नियम नव्हता.

मांस आणि दूध एकत्र करू नये, हा दुसरा नियम. त्यावर कोकणानेच उपाय दिला. मटणाच्या रश्शात दही किंवा साय घालता येत नाही, म्हणून नारळाचा रस घालतात. मांसाच्या जेवणानंतर दुधाचे पक्वान्न चालत नाही, तेथेही नारळ कामी येतो. गव्हाचा चीक काढून तो नारळाच्या दुधात आटवून केलेला चिकाचा हलवा हे बेने इस्रायलांच्या नववर्षाचे खास पक्वान्न आहे. शब्बाथाच्या संध्याकाळी द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वचन म्हणण्याचा विधी जगभरचे ज्यू करतात. कोकणात द्राक्षे कोठली? येथे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत करतात. ही तडजोड आहे खरी, परंतु ती करताना मूळ नियम कोठेही सोडलेला नाही.

सणांची मराठी नावे

सणांच्या बाबतीत तर धर्माने भाषाच बदलली. हिब्रू नावे विसरली गेली आणि सणांना त्यांच्या दृश्य रूपावरून मराठी नावे पडली. नववर्षाचा 'रोश हशाना' हा नव्याचा सण झाला. त्यानंतर नव्या धान्याची, गूळ आणि नारळाचा रस घालून केलेली खीर करण्याचा दिवस येई, तो खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा 'योम किप्पूर' हा सर्वांत पवित्र दिवस. त्या दिवशी कुटुंबातील माणसे शुभ्र वस्त्रे नेसून, दारे मिटून घरात उपवास करीत. म्हणून तो दारफळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण. त्या दिवशी आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या आणि गोरगरिबांना दान द्यायचे. फाल्गुनाच्या सुमारास येणारा 'पुरीम' होळीचा सण म्हणून ओळखला गेला आणि त्या दिवशी पुरणपोळी होऊ लागली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याच्या दिवसाला नाव पडले बिरड्याचा रोजा, कारण उपवासानंतर मोड आलेल्या वालांचे बिरडे खाण्याची चाल होती. या नावांत 'सण' हा शब्द हिंदू शेजाऱ्यांचा आहे आणि 'रोजा' मुसलमान शेजाऱ्यांचा. प्रार्थनामंदिराला बेने इस्रायल 'मशीद'च म्हणत आले.

नावांचेही तसेच. अब्राहामचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. आडनावे गावांवरून पडली : नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, दिवेकर. ही मिसळ सर्वस्वी गोड होती असे मात्र नाही. शेजाऱ्यांच्या जातिव्यवस्थेची सावली या समाजावरही पडली. त्याच्यात 'गोरे' आणि 'काळे' असे भेद निर्माण झाले आणि त्यांच्यात रोटीबेटीव्यवहार टाळला जाऊ लागला. एकेश्वराची घोषणा रोज करणाऱ्या समाजाच्या इतिहासातील ही उणीव नोंदविणे आवश्यक आहे.

मलिद्याचे ताट

अलिबागजवळच्या खंडाळे परिसरात एक खडक आहे. एलियाहू हान्नाबी हा प्रेषित स्वर्गास जाताना येथे येऊन गेला आणि त्याच्या रथाची खूण या खडकावर उमटली, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. 'एलियाहू हान्नाबीचा टापा' या नावाने हे स्थान प्रसिद्ध असून नवस बोलण्यासाठी व फेडण्यासाठी लोक तेथे जातात. विवाह ठरला, मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, प्रवास सुखरूप पार पडला, नवे घर घेतले, अशा प्रत्येक वेळी एलियाहूच्या नावाने मलिदा करतात. सरकारी कचेऱ्यांच्या संदर्भात मराठीत या शब्दाला जो अर्थ आला आहे त्याचा येथे काही संबंध नाही. भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची व सुका मेवा एकत्र करून ताटात त्याची रास करतात, भोवती फळे मांडतात आणि सुवासिक फूल किंवा पाला ठेवतात. मग हिब्रू स्तोत्रे म्हणून झाडाच्या फळासाठी एक, जमिनीतील उत्पन्नासाठी दुसरे, सुगंधासाठी तिसरे, असे वेगवेगळे आशीर्वचन म्हटले जाते. आपण जे खातो ते कोठून आले याचा विचार केल्याखेरीज घास तोंडात घालायचा नाही, ही ज्यू धर्माची शिकवण मलिद्याच्या ताटाभोवती लहान मुलेही सहज शिकतात. जगातील अन्य ज्यू समाजांत एलियाहूविषयी आदर आहे. हे पोह्यांचे ताट मात्र कोकणचे आहे.

विवाहातही हेच दिसते. आदल्या दिवशी मेंदी होते. दुसऱ्या दिवशी विवाहपत्र वाचून साक्षीदारांच्या सह्या होतात, वर वधूला अंगठी घालतो आणि वधूच्या गळ्यात मंगळसूत्रही येते.

ग्रंथाची पुनर्भेट

१८ व्या शतकात अनेक बेने इस्रायल कुटुंबे मुंबईस आली आणि कंपनी सरकारच्या पलटणीत शिरली. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत 'शाआर हारहामीम' हे समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यानंतर कोकणातही मंदिरे उभी राहिली. अलिबागच्या इस्रायल आळीतील 'मागेन आबोथ' १८४८ चे आहे.

१९ व्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकविली जाऊ लागली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु परिणाम उलट झाला. हिब्रू येऊ लागल्यावर बेने इस्रायल आपल्याच ग्रंथांकडे वळले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाच्या 'हग्गादा' या पोथीची सचित्र आवृत्ती हिब्रू व मराठीत निघाली. तिच्यातील एका चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हरिदासी परंपरेतील साकी, दिंडी, अभंगाच्या चालींवर तोरेतील कथा ऐकण्यास स्त्री-पुरुष रात्र रात्र बसत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. पुढच्या काळात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस, कवी निस्सीम इझिकेल अशी माणसे या समाजातून पुढे आली.

भारतातील समाजाची संख्या एके काळी सुमारे वीस हजार होती. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. तेथे त्यांच्यापुढे एक विलक्षण प्रसंग उभा राहिला. १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी बेने इस्रायलांच्या पूर्वजांची चौकशी करण्याची अट घातली. इतकी शतके धर्मगुरूविना राहिलेल्या या लोकांचे विवाह व घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, असा आक्षेप होता. ज्या गोष्टीमुळे त्यांचा धर्म कौतुकास्पद ठरावा, तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली. या अपमानाविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.  २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, तो शिक्षणसंस्था, नोंदणी आदी सोयींसाठी होता.

आज भारतात राहिलेले काही हजार बेने इस्रायल बहुतांशी मुंबई-ठाणे भागात आहेत. कोकणातील प्रार्थनामंदिरांपुढचा प्रश्न दहा या आकड्याचा आहे. तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष जमल्याशिवाय ज्यूंची सामुदायिक प्रार्थना पूर्ण होत नाही आणि तोरेची गुंडाळी वाचण्यासाठी बाहेर काढता येत नाही. ज्या गावांत एकदोनच कुटुंबे उरली आहेत तेथे सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा ही संख्या भरते. एरवी मंदिराची निगा तेवढी राखली जाते. शुक्रवारचा दिवा, मनुकांचे सरबत आणि उंबऱ्याशी चौकटीवर लावलेल्या मेझुझाला बोटे टेकवून ती ओठांशी नेणे यांसाठी मात्र दहा माणसे लागत नाहीत. इस्रायलमध्ये लोद, डिमोना, अशदोद, बीरशेबा या शहरांत स्थायिक झालेल्या कुटुंबांत एलियाहूचा मलिदा आजही होतो. तिकडे 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. तेथून भारतात येणारे कित्येक जण प्रथम नवगावच्या स्मारकाला आणि खंडाळ्याच्या खडकाला भेट देतात, आणि मग आपल्या आडनावाचे गाव शोधत निघतात.