बेअरिंग कुठे आहे?

उन्हाळ्याचे दिवस होते. आम्ही एका पंपदुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. एक शेतकरीदादा मोटर घेऊन आले. मोटरचे बेअरिंग गेले होते. मोटर बंद, म्हणून पाणी बंद. रानात भेंडी सुकत होती.

दुकानदार म्हणाला, "बासष्ट-शून्य-चार ना? आहे की आपल्याकडं! बसा दादा."

तो गोदामात शिरला. खोकी उपसली, पोती हलवली. दोन तास गेले. बेअरिंग काही मिळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवे आणले. आठ दिवसांनी जुने सापडले, पाइपांच्या मागे! माल होता, पैसा गुंतला होता. जागा मात्र कोणालाच ठाऊक नव्हती.

आता पुष्कळ गोदामांत मालाची जागा संगणकावरच्या तक्त्यात लिहितात. या तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. एक्सेल हे नाव आपण ऐकले असेल. तो असाच तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने. एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. अमेरिकेतल्या डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी लहान संगणकासाठी असा तक्ता १९७९ साली बाजारात आणला. त्याचे नाव व्हिसिकॅल्क.

पण संगणकाच्या आधी खडू हातात घ्या. जागांना नावे द्या. मांडण्यांना क, ख, ग म्हणा. फळ्या खालून वर मोजा: १, २, ३. खालून का? उद्या वर एक फळी वाढवली, तरी जुनी नावे बदलत नाहीत. फळीवरचे खण डावीकडून मोजा. क मांडणी, तिसरी फळी, दुसरा खण. झाली जागा: क-३-२. हे नाव खणावरही ठळक लिहा.

मग तक्ता. वस्तू, नंबर, जागा, किती नग, एवढे चार रकाने पुरेत. एकच वस्तू दोन ठिकाणी असेल, तर दोन ओळी करा.

नंबर जपून लिहा. ६२०४ मधले शेवटचे ०४ पाचाने गुणा. २० आले. बेअरिंगचे आतले भोक २० मिलिमीटरचे. ६२०५ चे २५. एक आकडा चुकला, तर ते दांड्यावर बसणार नाही. बेअरिंगवर आकडे इंग्रजी वळणाचे असतात. तक्त्यातही तसेच लिहा. मराठी वळणाचे लिहिले, तर शोधताना संगणक ते वेगळे धरतो. एकाने 'बेअरिंग' लिहिले नि दुसऱ्याने 'बेरिंग', तरी तीच गत. आणखी एक गंमत. इंग्रजी आकड्यांत नुसते ३-२ लिहिले, तर तक्ता ती तारीख समजतो! म्हणून आधी मांडणीचे अक्षर हवेच.

सगळ्यात अवघड काम पुढेच आहे. वस्तू हलली की तक्ता हलला पाहिजे. संगणकाला गोदाम दिसत नाही. आपण लिहू तेवढेच त्याला कळते. गडी घाईत असतो, 'मग लिहू' म्हणतो, आणि ते राहून जाते.

आमच्या त्या दुकानदाराने आता गोदामाच्या दाराला वही नि पेन्सिल टांगली आहे. काही नेले, ठेवले, की तिथेच लिहायचे. संध्याकाळी त्याची मुलगी ते तक्त्यात भरते. परवा आम्ही गेलो, तेव्हा तिने ६२०४ शोधले. क्षणात जागा आली, क-३-२. नग सहा. तिने खणात हात घातला. पाचच निघाले.

"बाबा," ती दारातून ओरडली, "न लिहिता एक कुणी नेलं?"