हेलसिंकीचे रस्ते आणि शाळकरी मूल

प्राथमिक शाळेत रस्त्यावरील सुरक्षिततेचा पाठ बहुधा एका वाक्यात आटोपतो : दोन्ही बाजूंस पाहून रस्ता ओलांडावा. उपदेश योग्यच आहे. परंतु त्यामुळे सारा भार पाठीवर दप्तर घेतलेल्या सात वर्षांच्या मुलावर पडतो, आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज त्या वयात नीट येत नाही, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील नगरपरिषदेने हा भार मुलाच्या खांद्यावरून उचलून स्वतःकडे घेतला. ते कसे घडले, हे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे.

सुमारे पावणेसात लाख वस्तीच्या या शहरात जुलै २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंत, पूर्ण एक वर्ष, रस्त्यावरील अपघातात एकही मनुष्य मृत्युमुखी पडला नाही. त्यापूर्वी २०१९ सालीही तेथे एकही पादचारी दगावला नव्हता. अपघात मात्र समूळ थांबले नाहीत. माणसे जखमी झालीच. तथापि मृत्यू टळले. लोकांनी निवडून दिलेल्या ८५ सभासदांच्या या परिषदेने अनेक दशके नेटाने चालविलेल्या कामाचे हे फळ आहे. अपघात कोठे घडले याची माहिती ठेवावयाची आणि ती पाहून रस्त्याची रचना सुधारावयाची, अशी तेथील कामाची रीत आहे. चूक माणसाकडून होणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हा विचार त्यामागे आहे.

या कामात सर्वांत मोठा वाटा वेगमर्यादेचा आहे. अर्धशतकापूर्वी तेथील बहुतेक रस्त्यांवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा होती. आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ती ३० आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात शाळांच्या आसपासही ३० चीच मर्यादा असावी, असे ठरविण्यात आले. ३० आणि ५० यांत फरक तो किती, असे पुष्कळांस वाटेल. येथेच गणिताचा एक उत्तम पाठ दडलेला आहे, आणि तो वर्गापेक्षा मैदानावर अधिक रंगतो.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. ताशी ५० ने जाणारे सुमारे १४ मीटर. तीस हजारांस छत्तीसशेंनी भागण्याचे हे उदाहरण वरच्या इयत्तांतील मुले फळ्यावर सोडवू शकतील. मूल आडवे आलेले दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्यानंतर, रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असल्यास, पहिले वाहन आणखी ५ मीटरांत थांबते. दुसऱ्यास आणखी १४ मीटर लागतात. एकूण अंतर १३ मीटर आणि २८ मीटर. मैदानावर चुन्याने या दोन रेघा ओढाव्यात आणि १४ मीटरवर एका मुलास उभे करावे. पहिले वाहन त्याच्या अलीकडेच थांबलेले असते. दुसऱ्याच्या चालकाचा पाय तेव्हा नुकता ब्रेकवर पडत असतो. वेग यत्किंचितही कमी झालेला नसतो. मुलास मागे घेऊन ही गोष्ट सांगितली, की वर्ग काही क्षण स्तब्ध होतो.

केवळ पाटी लावून वेग उतरत नाही, हा अनुभव आपल्याकडेही आहे. रुंद व सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. म्हणून हेलसिंकीत अनेक ठिकाणी रस्ते अरुंद करण्यात आले, कडेने झाडे लावली, सायकलस्वारांस वेगळी वाट दिली. पोलिसांशी सहकार्य करून वेग टिपणारे कॅमेरे बसविले. फिनलंडमध्ये वेगमर्यादा फार ओलांडली तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात होतो, त्यामुळे श्रीमंतासही तो जाणवतो! शिवाय ट्राम व बस यांची सोय चांगली असल्याने पुष्कळांस मोटार काढण्याची गरजच पडत नाही. या शहरात १९५८ पासून मुलांसाठी एक छोटे वाहतूक-नगरही आहे. तेथे लहानगे पायांनी चालविण्याच्या मोटारींतून खऱ्या खुणा व नियम शिकतात. शिक्षण तेथेही आहेच. मात्र रस्ता सुधारण्याचे काम त्यावर सोपवून कोणी स्वस्थ बसलेले नाही.

आपल्या खेड्यातील शाळेपुढून ट्राम जात नाही. उसाने भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर जातो. तरीही रीत तीच चालेल. मुलांकडून घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. वळण, झाडोऱ्याने झाकलेला कोपरा, एस. टी. थांबण्याची जागा, जेथे कोणी पडले वा थोडक्यात वाचले ते ठिकाण, अशा खुणा त्यावर कराव्यात. रस्ता कोणाचा, हे शिक्षकाने विचारून घ्यावे : ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर वर्ष वाया जाते. नकाशा प्रथम शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा, नंतर ग्रामसभेत. आणि प्रत्येक धोक्याच्या खुणेपुढे, तेथून जाणाऱ्या वाहनास थांबण्यासाठी किती मीटर लागतील, ते मुलांनी स्वतः हिशेब करून लिहिलेले असावे.