लेखकाला पत्र कसं लिहावं?

प्रश्न : मी अकरावीत आहे, साताऱ्यात राहते. वाचलेल्या पुस्तकांवर नेमाने लिहिते. आपल्याकडचे लेखक आणि माझ्या वयाचे वाचक कसे भेटतील?

उत्तर : आधी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. तुझ्या वयाची मुलं काय वाचायला नेतात, हे ग्रंथपालांना पक्कं ठाऊक असतं. चार-पाच जणांचा गट तिथेच जमेल. महिन्याला एकच पुस्तक सगळ्यांनी वाचा आणि मनसोक्त भांडा.

लेखकाला लिहायचं तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर प्रकाशकाचा पत्ता असतो, त्यांच्यामार्फत पत्र पाठव. ‘पुस्तक खूप आवडलं’ एवढ्यावर थांबू नकोस. नायिका शेवटी घरी परतते ते पटलं नाही, असं वाटलं तर कारणासकट तसंच लिही. अशा पत्राला उत्तर द्यावंसं वाटतं. (कौतुकाची पत्रंही हल्ली फार येत नाहीत म्हणा!)

शिवाय भिलार तुमच्याच जिल्ह्यात आहे. २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखलं जातं; घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचता येतात. गटाने एखादा रविवार तिथे काढा.

आणि लेखकाने पुस्तक भेट दिलं, तर परीक्षणात ते स्पष्ट सांग; मत मात्र भिडेखातर बदलू नकोस.