लिस्पमधील समास आणि घरचे मॅक्रो

समास म्हणताच मराठीच्या विद्यार्थ्याला द्वंद्व नि तत्पुरुष आठवतील. येथे विचार आहे तो वहीतल्या समासाचा, म्हणजे ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेचा.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली आरंभिलेल्या लिस्प या संगणकीय भाषेत सारी रचना कंसांची. संगणक कंस मोजतो, समासाकडे ढुंकूनही पाहात नाही. माणूस मात्र समास पाहूनच वाचतो. म्हणून समास चुकला तर प्रोग्रॅम बिघडत नाही, वाचणारा फसतो.

समास घालण्याचे काम ईमॅक्ससारखा संपादक-प्रोग्रॅम करतो. साध्या फलनाचा नियम सोपा : पुढची पदे पहिल्या पदाखाली. परंतु मॅक्रोच्या साहाय्याने लिस्प लिहिणारा नवी वाक्यरचनाच घडवू शकतो. समजा, कोणी 'वेळ-मोज' हा मॅक्रो केला :

(वेळ-मोज (नोंदवही)
  (वाच)
  (लिही))

पहिले पद विषय सांगते; उरलेला मॅक्रोचा देह. त्याला दोन जागांचा समास हवा. संपादकाला हे ठाऊक नसेल तर तो मॅक्रोला फलन समजतो :

(वेळ-मोज (नोंदवही)
         (वाच)
         (लिही))

देह कोणता, हे आता डोळ्यांना कळत नाही.

ईमॅक्सची तोड अशी : मॅक्रोच्या व्याख्येतच एक आकडा घोषित करावयाचा. '१' म्हटले की पहिले पद वेगळे, पुढचा सारा देह. अडचण ही, की व्याख्या आधी संगणकात चढवावी लागते. नुसती फाइल उघडून भागत नाही. कॉमन लिस्पचा मार्ग मला अधिक सुबक वाटतो. तेथे पदयादीत 'रेस्ट'ऐवजी 'बॉडी' लिहितात. काम दोहोंचे एकच. 'बॉडी' हा केवळ संपादकाला दिलेला इशारा. स्लाइम हे साधन तो चालू लिस्पकडूनच विचारून घेते.

मग संपादकाने प्रत्येक फाइल चालवूनच पाहावी काय? मुळीच नाही. मॅक्रो उलगडणे म्हणजे परक्याचा प्रोग्रॅम आपल्या घरात चालविणे. ईमॅक्समध्ये अशा उलगडण्यातूनच धोका उद्भवला, आणि २०२५ साली आलेल्या ३०.१ आवृत्तीत विश्वासाच्या फायली वेगळ्या ठरवाव्या लागल्या. व्याख्या न चालविता वाचावी व 'बॉडी' हेरावी, हे बरे. व्याख्या हाताशीच नसेल, तर सरसकट दोन जागा सोडाव्यात. दिसायला ते थोडे ओबडधोबड. पण सर्वांच्या यंत्रांवर सारखे. एरवी एकाने फाइल जतन करताच, दुसऱ्याच्या हात न लावलेल्या ओळीही बदललेल्या दिसू लागतात.