स्टीअरिंगमधला ‘प्ले’ (ढिलेपणा) आणि कपलिंग

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती जिप्सीचं स्टीअरिंग थोडं फिरवलं, तरी चाकं हलत नाहीत. कपलिंग बदलावं का?
– एक वाचक, गणपतीपुळे

उत्तर : आधी दोष नक्की करा. इंजिन बंद आणि चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावं. स्टीअरिंगचा वरचा शाफ्ट फिरतो, पण खालचा थांबतो, तर दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचं रबर गेलं. दोन्ही एकत्र फिरत असतील, तर स्टीअरिंग बॉक्स आणि बॉल जॉइंट तपासा.

कपलिंग बदलताना चाकं सरळ ठेवा, स्टीअरिंग बांधा, शाफ्टच्या दातांवर रंगाची खूण करा. खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात. ते नवेच घाला, लॉकनटसह. दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या जवळच्या आरे-वारे रस्त्याच्या वळणांवर गाडी अजिबात नेऊ नका; प्रश्न जिवाचा आहे.